अप्पांचा ठोका, आईचा घण

"आता कुटं दिसतंय त्याला? अंदाजानंच चाललंय की समदं."

हे माझ्यासाठी बोललेलं नव्हतं. आमच्या शेडच्या पत्र्याबाहेर, लिंबाखाली, दोन माणसं मोटारसायकलला टेकून उभी होती. उजनीच्या काठच्या कुठल्याशा गावातून ऊसतोडीचे कोयते घेऊन आली होती आणि धार लागायची वाट बघत होती. मी आतल्या बाजूला जमिनीवर बसून एक कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळत होते. मधे फक्त पत्रा होता, त्यामुळे शब्द न शब्द ऐकू येत होता.

"मंग आलास कशाला हितं?" दुसरा म्हणाला.

"धार झकास लावतोय की अजून. धारंला डोळं कशाला लागत्यात? बोट फिरवलं की झालं."

"बोट ऱ्हायलं तर!"

दोघंही हसले. माझ्या हातातली सुतळी तशीच राहिली. मी अप्पांकडे, माझ्या वडिलांकडे, पाहिलं. ते पलीकडे भट्टीच्या ब्लोअरजवळ होते, त्यांना काही ऐकू गेलं नसावं. त्यांनी कोयता बाजूला ठेवला होता आणि चहाचा ग्लास घेत होते. त्यांचा हात ग्लासाकडे सरळ गेला नाही. आधी फळीवर टेकला, मग फळीवरून सरकत सरकत गेला आणि काचेला लागल्यावर थांबला. हे मी त्याआधीही पाहिलं असणार. रोज त्याच घरात, त्याच शेडमध्ये असते मी. पण त्या दिवशी ते मला पहिल्यांदा दिसलं.

आमची शेड अक्कलकोट रस्त्यावर आहे. पुढं भट्टी, मागं दोन खोल्यांचं घर. माझे वडील लोहार आणि आई त्यांची जोडीदार, म्हणजे कामातलीसुद्धा. आमच्यात तसंच असतं. पुरुष सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो आणि बाई समोर उभी राहून घण मारते. शाळेतल्या मैत्रिणींना मी हे कधी सांगितलं नाही. त्यांच्या आया बँकेत किंवा घरी असायच्या. माझी आई पदर खोचून, पाय फाकवून, डोक्यावरून घण आणायची, आणि मला ती तशी उभी असलेली फार आवडायची. पण सांगायची लाज वाटायची आणि समजावायचाही कंटाळा. मी मुळातच कमी बोलते.

नांगराचे फाळ करायचं काम माझ्या लहानपणीच संपत आलं होतं. विळे, खुरपी, कोयते राहिले. मग जुन्या हातोड्या आल्या. भंगारवाल्याकडे त्यांचा ढीग असतो. गॅरेजमधल्या, खाणीतल्या, कारखान्यातल्या, दांडे मोडलेल्या, तोंड झिजलेल्या. अप्पांनी एकदा तसल्या हातोडीची लहान कुऱ्हाड करून शेजारच्या शेतकऱ्याला दिली होती. "पोलाद चांगलं आणि नेढं आयतं," एवढंच ते म्हणाले. नेढं म्हणजे दांडा घालायचं भोक. कुऱ्हाड करताना सगळ्यात जास्त वेळ तेच खातं, आणि हातोडीला ते आधीच असतं. हातोडीचं एक तोंड तापवून, ठोकून पातळ करत न्यायचं, पसरवायचं. मागचं तोंड तसंच ठेवायचं. एका बाजूनं कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूनं हातोडी.

मी तिचा फोटो काढून नेटवर टाकला. मला वाटलं होतं दोनचार लोक बघतील. पुण्याहून, बंगळुरूहून, कुठून कुठून मेसेज आले. हाताने ठोकलेली आहे का, यंत्रावर नाही ना, असं सगळे विचारत. त्यांना मी उत्तरं लिहायची. लिहिताना मला काही होत नाही. फोन वाजला की मात्र मी तो आईकडे द्यायची. एकानं डोंगरात फिरायला न्यायच्या हलक्या कुऱ्हाडीचा फोटो पाठवला आणि इंग्रजीत विचारलं, असा टॉमाहॉक करून मिळेल का. अप्पांनी माझा फोन आधी लांब धरला, मग नाकाला लावला.

"ही तर आपली फरशी कुऱ्हाड की," ते म्हणाले. "हिला एवढं मोठं नाव?"

"तुमच्यापेक्षा मोठं हाय," आई म्हणाली. आम्ही तिघंही हसलो होतो. फोन नाकाला का लावला, हे कुणी विचारलं नाही.

ऐरणीपाशी बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. कुणी मुद्दाम केलेला नाही. लोखंड लाल असतं तेवढ्याच वेळात काम करायचं असतं आणि आवाजात बोललेलं ऐकूही येत नाही. म्हणून लोहाराच्या उजव्या हातातली लहान हातोडी बोलते. ती जिथं ठोका देईल, घण तिथं पडायचा. ठोका हलका पडला तर घाव हलका, जोरात पडला तर जोरात. हातोडी ऐरणीच्या कडेवर दोनदा वाजली की थांबायचं. समोरच्यानं विचार करायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही. ठोका, घाव, ठोका, घाव. लहानपणी मी तासन्‌तास दारात बसून ते बघायची. आमच्या घरात मला सगळ्यात बरं वाटायचं ते तिथं, कारण तिथं कुणालाच बोलावं लागत नव्हतं.

त्या दोन माणसांचं बोलणं ऐकल्यावर मी अप्पांवर नजर ठेवू लागले. शेडच्या खिडकीला त्यांनी पोतं लावलं होतं. "उजेडात लोखंडाचा रंग कळत न्हाय," असं ते म्हणाले होते, आणि ते खरंही आहे. भट्टी नेहमी अंधारीच असते. पण मग दाराच्या वरच्या फटीतही त्यांनी चिंध्या कोंबल्या. भर दुपारी शेडमध्ये संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. लोखंड ते जाळातून काढून तोंडाजवळ आणायचे, इतकं जवळ की भुवयांचे केस करपल्याचा वास यायचा. मग मान तिरकी करून एका डोळ्यानं बघायचे.

तरीही काम चुकत नव्हतं. हेच मला कळत नव्हतं. फरशीचं पातं सरळ यायचं, घाव एका ओळीत पडायचे. मी स्वतःला सांगितलं, ती माणसं उगीच बोलली. लोक बोलतातच.

मग मी व्हिडिओ काढला. गिऱ्हाइकांना तो लागतो, लोखंड ठोकतानाचा, संथ केलेला. ठिणग्या हळूहळू उडताना दिसल्या की त्यांना आवडतं. एकदा असाच टाकला होता तेव्हा खाली कितीतरी जणांनी लिहिलं होतं, नवराबायकोचं काय जमलंय, काय ताल आहे. या वेळी तो टाकायच्या आधी मी खोलीत बसून पाहिला, आवाज बंद करून. अप्पांची हातोडी खाली आली. ठोका पडला तो लोखंडाच्या कडेला, जवळजवळ बाहेर. मग घण खाली आला आणि तो पडला बरोबर मधे.

मी मागं घेऊन पुन्हा पाहिलं. पुढचा ठोका अलीकडे, घण पलीकडे. त्याच्या पुढचा ठोका तर ऐरणीवरच पडला होता आणि आईचा घण तरीही पात्यावर, जिथं हवा तिथंच. आई ठोक्याकडे बघतच नव्हती. तिची नजर लोखंडावर होती.

मी व्हिडिओ पुसून टाकला. नंतर वाटलं, ठेवायला हवा होता. पण कुणाला दाखवायला?

आईशी बोलायला मला पाणी यायच्या दिवसापर्यंत थांबावं लागलं. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, आणि आलं की सगळी कामं टाकून भरून घ्यावं लागतं. अप्पा कोळसा आणायला गेले होते. आई नळाखाली घागर लावत होती, मी भरलेल्या बादल्या पिंपात ओतत होते.

"आई, अप्पांचा ठोका चुकतो," मी पाण्याकडे बघत म्हटलं.

तिनं नळ बंद केला नाही. "कुनी सांगितलं?"

"व्हिडिओत दिसलं."

"पुसून टाक."

"टाकला."

घागर भरून वाहायला लागली. तिनं ती बाजूला ओढली आणि बादली सरकवली. "आदी मला वाटलं मीच चुकतिया," ती म्हणाली. "म्हनलं, वय झालं आपलं. मग ध्यानात आलं. आता मी त्येंच्या हातोडीकडं बघतच न्हाय. लोखंड कुटं जाड हाय, कुटं पातळ, ते बघते आन मारते. ठोका नुसता कानानं ऐकायचा."

"त्यांना माहीत आहे?"

"कसं कळंल? ते ठोका देतात, घण बरोबर पडतो. त्येनला वाटतं, आपन बरोबर दावलं."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. पिंपाचा काठ धरून मी उभी होते. अप्पांची नजर जात होती आणि ते त्यांना कळण्याचा एकच मार्ग होता, चूक होणं. ती चूक आई रोज होऊ देत नव्हती. शंभर घावांत एकदाही नाही. म्हणून अप्पा दर दिवशी थोडे जास्त बेफिकीर होत होते. पूर्वी ते लांब सांडशी वापरायचे. आता आखूड वापरत होते, कारण लांबून लोखंड नीट दिसत नव्हतं. डावा हात घावाच्या जागेपाशी येत चालला होता. आणि चेहरासुद्धा.

"डॉक्टरला दाखवायला हवं," मी म्हटलं. "मोतीबिंदू असेल. साधं ऑपरेशन असतं."

"मी काडला हुता विषय एकदा. माझ्या डोळ्यास्नी काय धाड भरलीया, म्हनले. जाळाजवळ जाऊ नका म्हनंल डॉक्टर, ह्येची भीती त्येनला. मग करायचं काय दिवसभर?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग की. तू शिकलेली."

"मी?"

"तू तर कुरियरवाल्याशी पन बोलत न्हाईस," असं म्हणून ती हसली आणि भरलेलं पिंप एकटीनं सरकवायला गेली. मी "थांब" म्हणेपर्यंत तिच्या खांद्यात कळ आली होती. ती खालीच बसली. चेहरा पांढरा झाला.

हाड मोडलं नव्हतं. पण डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला आणि काही आठवडे काहीही उचलायचं नाही असं सांगितलं. दवाखान्यातून रिक्षानं येताना आई बाहेर रस्त्याकडे बघत होती. मी तिच्या मनातलं ओळखलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. आता घण कोण मारणार?

डोंगरात फिरणाऱ्या त्या गिऱ्हाइकाच्या टॉमाहॉकचं काम अर्धवट होतं. त्यासाठी घेतलेली जुनी हातोडी तापवून, राखेत पुरून, हळूहळू थंड करून झाली होती. हातोडीचं तोंड मुळात कडक असतं. ते आधी असं नरम करून घ्यावं लागतं आणि नंतरही पुरेसं तापलेलं असतानाच ठोकावं लागतं. कमी तापलेलं असताना घाव बसला तर त्याचा कपचा उडतो. माझ्या आईच्या हनुवटीखाली एक पांढरी खूण आहे, ती तसल्याच कपच्याची. तेव्हा मी शाळेत होते. घरी आले तर ती मानेला फडकं दाबून भाकरी करत होती. "थोडं वर लागलं असतं तर डोळा गेला असता," असं शेजारीण म्हणाली होती, आणि त्यानंतर कितीतरी दिवस घणाचा आवाज आला की मी वर्गात बसल्यासारखी ताठ बसायची.

मी गिऱ्हाइकाला मेसेज केला, उशीर होईल. त्यानं लगेच लिहिलं, सावकाश करा, घाई नाही. मी ते अप्पांना सांगितलं.

"त्याला न्हाय घाई. राखंत घातलेलं लोखंड मला बघवत न्हाय," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे चेहरा वळवला. "तू हायस की! सुट्टीत मारत न्हवतीस का घण? शाळंतल्या पोरींनी दंड बगितलं असतं तर पळून गेल्या असत्या."

"अप्पा, खूप वर्षं झाली."

"हात इसरत न्हाय. आन तुला कुटं डोकं चालवायचंय? मी दावतो तितं मारायचं."

ते खुशीत होते. मी मान हलवली. ती कुठल्या अर्थानं हलवली, ते मलाही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मी काय केलं ते सांगायला फारसं नाही. मी बोलायचं ठरवत होते. चहाच्या वेळी ठरवलं, तर शेजारचे एक आजोबा येऊन बसले. जेवताना ठरवलं, तर अप्पांनी ताटात भाकरी चाचपली आणि मी ती उचलून त्यांच्या हातात दिली. मी फोनवर सगळं टाइप करून पाहिलं. इंग्रजीत आधी, मग मराठीत. अप्पा, तुमच्या डोळ्यांबद्दल. छान लिहिलं होतं, कुणालाही पटलं असतं. मी आयुष्यात जी काही अवघड गोष्ट कुणाला सांगितली आहे ती अशीच, लिहून. पण हे वाचणार कोण? ज्यांना सांगायचं होतं त्यांना अक्षरं दिसत नव्हती. मी ते पुसलं.

मला दोन भीती होत्या आणि त्या एकमेकींना भेटत नव्हत्या. एक, मी बोलले तर अप्पांचं तोंड कसं होईल याची. ते रागावतील याची नव्हे, ते गप्प होतील याची. दुसरी भीती साधी होती. ते दाखवतील तिथं मी घण मारेन आणि तिथं त्यांचा हात असेल. माझ्या हातून अप्पांचा हात जाईल. ही दुसरी भीती पहिलीपेक्षा किती मोठी होती, हे मला कळत होतं. तरी रोज सकाळी पहिलीच जिंकत होती.

आईनं मला शिकवायचा प्रयत्न केला. अप्पा बाहेर असताना शेडमध्ये नेलं, गार लोखंड ऐरणीवर ठेवलं. "ठोक्याकडं बघू नगंस. लोखंडाकडं बघ."

"पण कुठं मारायचं ते मला कसं कळणार?"

ती थांबली. चांगल्या हातानं तिनं त्या हातोडीच्या तोंडावरून बोट फिरवलं, इकडे, तिकडे, मग पुन्हा इकडे. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "ते सांगता यायचं न्हाय गं," ती म्हणाली. "मला पन आत्ताच कळलं."

शेवटी काम सुरू झालं ते एका सकाळी, ऊन चढायच्या आत. आई दारात उभी राहिली, हात गळ्यात, पदर तोंडाशी धरलेला. अप्पांनी ब्लोअर लावला, निखारे पांढरे पडले. ती जुनी हातोडी जाळात गेली. मी घण उचलून पाहिला. माझ्या आठवणीतल्यापेक्षा तो जड होता आणि दांडा आईच्या हातांनी गुळगुळीत झालेला.

पहिल्या वेळी लोखंड चांगलं तापलेलं निघालं, पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचं. त्यात अप्पांचं कसब नव्हतं, आम्ही जास्त वेळ आत ठेवलं होतं एवढंच. ठोका पडला. मी बघितलं, कडेला पडला होता. मी मधे मारला. पुन्हा ठोका, पुन्हा मी मधे. मला वाटलं, जमेल. आईसारखं जमेल, आई बरी होईपर्यंत असंच नेता येईल, आणि कुणालाच काही बोलावं लागणार नाही. तो विचार मनात असतानाच ठोका पडला आणि मी क्षणभर गोंधळले. मला कळेना, मधे म्हणजे आता कुठं. पातं पसरायला लागलं होतं, त्याचा आकार बदलला होता. घण वर गेलेला होता. मी ठोका जिथं पडला तिथंच मारला.

घाव अगदी काठावर बसला. तापलेली हातोडी सांडशीत फिरली, निसटली, ऐरणीच्या निमुळत्या शिंगावर आपटून खाली पडली आणि अप्पांच्या पायाजवळच्या गोणपाटातून धूर निघायला लागला. आईच्या तोंडून आवाज आला. मी गोणपाट पायानं ओढलं, त्यावर पाणी टाकलं. लाल लोखंड त्यांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर होतं आणि अप्पा दुसरीकडेच बघत होते, जिथं ते पडलं असेल असं त्यांना वाटलं तिथं.

"हात हलला तुझा," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

तो "हो" म्हणताना मला अजिबात त्रास झाला नाही. एवढं सोपं होतं ते.

"हुतंय. घाबरू नगंस. आता मी घट्ट धरतो." त्यांनी सांडशीनं चाचपत ते लोखंड उचललं, पुन्हा जाळात घातलं. मग सांडशी अगदी पुढून धरली, जबड्याच्या जवळ, म्हणजे लोखंड फिरणार नाही. त्यांचा डावा अंगठा आता लोखंडापासून चार बोटांवर असणार होता. मी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत "बोल" असं काही नव्हतं. ती नुसती घाबरलेली होती, माझ्यासारखीच. आणि मला पहिल्यांदा जाणवलं की तिलाही हे कधी बोलता आलं नव्हतं, म्हणून ती इतके महिने घण मारत राहिली.

अप्पांनी लोखंड बाहेर काढलं. लवकर काढलं. ब्लोअर जोरात होता, निखारे झगझगत होते, त्यांना तोच रंग लोखंडाचा वाटला असणार. पण लोखंड विटेसारखं दिसत होतं, मळकं लाल, आणि ज्या कोपऱ्याचं पातं व्हायचं होतं तो काळा पडत चालला होता. त्यांनी ते ऐरणीवर ठेवलं. नीट दिसावं म्हणून खाली वाकले, चेहरा लोखंडापाशी नेला. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. उजव्या हातातली हातोडी वर गेली आणि ठोका पडला.

आवाज वेगळा आला. तापलेल्या लोखंडावरचा ठोका बसका असतो. हा पातळ वाजला, खणकन्. हातोडी सांडशीच्या जबड्यावर पडली होती, अंगठ्याच्या अगदी शेजारी.

घण माझ्या खांद्याच्या वर होता. मी तो तसाच धरून ठेवला.

अप्पांनी वाट पाहिली. घाव आला नाही, म्हणून पुन्हा ठोका दिला. तिथंच. पुन्हा तोच आवाज. त्यांच्या कपाळाला एक आठी पडली, जणू त्यांनीही तो ऐकला होता आणि तो कशाचा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. चेहरा त्यांनी आणखी खाली नेला.

"मार की गं," ते म्हणाले. "गार हुतंय."

ब्लोअरचा आवाज चालू होता. आईनं दाराची चौकट धरली. मी घण खांद्यावरून खाली आणला, पायापाशी मातीत टेकवला, दांडा सोडला नाही. मला वाटलं, आवाज निघणारच नाही. मी एक श्वास घेतला आणि ब्लोअरच्या वर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"अप्पा, मी नाही मारणार. ठोका तुमच्या हातावर पडतोय. तुम्हाला दिसत नाहीये."